डीप पर्पलचा ‘पर्फेक्ट स्ट्रेंजर्स’ (1984): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या अल्बमला पुनरागमन का म्हणतात? मधे नक्की किती वर्षं गेली, नऊ की अकरा?

दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मोजायला सुरुवात कुठून करायची ते वेगळं. डीप पर्पल या ब्रिटिश हार्ड रॉक बँडच्या नावाने आधीचा स्टुडिओ अल्बम 1975 साली आला होता आणि मार्च 1976 मध्ये लिव्हरपूलच्या कार्यक्रमानंतर बँड संपला. त्या 1975 च्या अल्बमपासून मोजलं तर नऊ वर्षं. पण 1984 साली जे पाच जण एकत्र आले, त्या पाच जणांचा आधीचा अल्बम 1973 च्या सुरुवातीचा. तिथून अकरा. लोक ज्याची वाट बघत होते ते हे पाच जण, म्हणून अकरा हा आकडा जास्त खरा वाटतो.

‘मार्क टू’ म्हणजे काय?

बँड 1968 साली इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि त्यातली माणसं इतक्या वेळा बदलली की चाहत्यांनी प्रत्येक संचाला क्रमांक दिला. दुसरा संच म्हणजे मार्क टू: गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बासवर रॉजर ग्लोव्हर आणि ड्रम्सवर इयन पेस. 1969 ते 1973 या चार वर्षांत बँडचं जगभर नाव झालं ते याच संचामुळे. 29 जून 1973 ला जपानमध्ये ओसाकाच्या कार्यक्रमानंतर गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले.

मधल्या काळात हे पाच जण काय करत होते?

रिकामं कुणीच नव्हतं, आणि अल्बम समजून घ्यायला ही गोष्ट महत्त्वाची आहे. ब्लॅकमोरने 1975 साली रेनबो हा बँड काढला. 1979 मध्ये ग्लोव्हर तिथे बासिस्ट आणि निर्माता म्हणून आला. लॉर्ड आणि पेस व्हाइटस्नेक या बँडमध्ये होते. पेस नंतर गिटारवादक गॅरी मूरकडे गेला. गिलनने स्वतःच्या नावाचा बँड चालवला आणि 1983 साली ब्लॅक सबाथ या बँडबरोबर एक अल्बम केला. म्हणजे 1984 साली जे भेटले त्यांचा हात चालू होता, गंज चढलेला नव्हता. पुनरागमनं बहुतेक इथेच फसतात: दहा वर्षं घरी बसलेली माणसं थेट मंचावर चढतात आणि श्वास पुरत नाही.

1980 सालीही डीप पर्पल परत आला होता म्हणे?

तो खरा डीप पर्पल नव्हता. बँडचा पहिला गायक रॉड इव्हान्स काही अनोळखी वादकांना घेऊन या नावाने मेक्सिको आणि अमेरिकेत कार्यक्रम करू लागला. ओळखीची रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) सुरू होते आणि मंचावर ओळखीचा चेहरा एकही नाही, हे पाहून लोक चिडले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि 6,72,000 डॉलरची भरपाई ठरली. त्या काळातलं ध्वनिमुद्रण कुणी ‘दुर्मीळ पुनर्मीलन’ म्हणून विकत असेल तर पैसे घालवू नका.

मग 1984 सालीच का जमलं?

हवा बदलली होती. 1983 मध्ये अमेरिकेत हार्ड रॉक पुन्हा खपाच्या यादीत वर चढू लागला: डेफ लेपर्डचे अल्बम प्रचंड खपले, आणि नोव्हेंबरात क्वायट रायटचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. ही पोरं ज्यांचं ऐकून शिकली त्यांत डीप पर्पल अग्रभागी होता. तेवढ्यात 1984 च्या वसंतात तारखाही जुळल्या. रेनबोने मार्चमध्ये जपानला शेवटचे कार्यक्रम केले, गिलनचा सबाथबरोबरचा दौरा संपला, आणि लॉर्डने व्हाइटस्नेक सोडलं. एप्रिलमध्ये बीबीसी रेडिओवर घोषणा झाली.

अल्बम कुठे आणि कसा रेकॉर्ड झाला?

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात स्टो नावाचं डोंगराळ गाव आहे, हिवाळ्यात स्कीइंगसाठी गजबजणारं. 1984 च्या उन्हाळ्यात तिथलं एक मोठं घर बँडने घेतलं आणि ‘ल मोबाइल’ नावाचा फिरता स्टुडिओ, म्हणजे आत सगळी रेकॉर्डिंगची यंत्रणा बसवलेला ट्रक, बाहेर उभा केला. निर्मितीची सूत्रं ग्लोव्हरकडे होती. निर्माता म्हणून नाव मात्र त्याचं आणि बँडचं मिळून आहे. मिक्सिंग जर्मनीत हॅम्बुर्गला झालं.

ही पद्धत त्यांनी सवयीने निवडली. डिसेंबर 1971 मध्ये ‘मशीन हेड’ हा त्यांचा गाजलेला अल्बम करताना स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोचा कॅसिनो जळाला, तेव्हा एका बंद हॉटेलच्या बोळात गाद्या लावून आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा ट्रक उभा करून त्यांनी काम भागवलं होतं. ट्रकपर्यंत पोचायची वाट खोल्या-गच्च्यांतून इतकी वाकडी होती की रेकॉर्ड केलेलं लगेच जाऊन ऐकणंच त्यांनी सोडून दिलं. गाणं जमलं की नाही हे वाजवतानाच कळायला हवं, असा तो धडा होता.

ट्रकच्या पद्धतीत मायक्रोफोन घरातल्या खोल्यांत असतात आणि बहुतारी जाड केबल खिडकीतून ट्रकपर्यंत जाते. फायदा असा की ड्रम्सला खऱ्या खोलीचा, लाकडी जमिनीचा घुमारा मिळतो आणि पाच जण एकमेकांकडे बघत वाजवू शकतात. तोटा असा की इंजिनिअरला वादक दिसत नाहीत, आणि एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. एकाने चूक केली तर त्याचा एकट्याचा ट्रॅक स्वच्छ पुसता येत नाही, म्हणून सगळ्यांनी पुन्हा वाजवायचं. ज्यांना एकत्र वाजवता येतं त्यांनाच ही पद्धत परवडते. 1984 साली बाकी जग ड्रम मशीन आणि सिंथेसायझरवर तुकड्या-तुकड्याने गाणी जोडत असताना या मंडळींनी घर आणि ट्रक निवडला. या अल्बमचं यश आमच्या मते तिथेच ठरलं.

अल्बममध्ये कोणती गाणी आहेत? माझ्या एलपीवर आठच आहेत, एक गहाळ आहे का?

गहाळ नाही. एलपीवर, म्हणजे लाँग प्ले तबकडीवर, आठच होती. पहिल्या बाजूला ‘नॉकिंग ॲट युअर बॅक डोअर’, ‘अंडर द गन’, ‘नोबडीज होम’, ‘मीन स्ट्रीक’. दुसऱ्या बाजूला ‘पर्फेक्ट स्ट्रेंजर्स’, ‘अ जिप्सीज किस’, ‘वेस्टेड सनसेट्स’, ‘हंग्री डेझ’. ‘नॉट रिस्पॉन्सिबल’ हे नववं गाणं फक्त सीडी आणि कॅसेटवर आलं. कारण सरळ आहे: एलपीच्या एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास संगीत असलं तर खोबणी पुरेशी रुंद कापता येते आणि बास दमदार राहतो. पहिली बाजू साधारण वीस मिनिटांची, दुसरी एकोणीसची. त्यात आणखी पाच मिनिटं कोंबली असती तर आवाजाची पातळी खाली आणावी लागली असती.

1999 च्या रीमास्टर सीडीवर ‘सन ऑफ ॲलेरिक’ हे दहा मिनिटांचं वाद्यगीतही आहे. ते आधी शीर्षकगीताच्या बारा इंची सिंगलच्या मागच्या बाजूला होतं. ब्लॅकमोरची गिटार निवांतपणे ऐकायची असेल तर त्याच्यासाठी ही आवृत्ती घ्यावी.

शीर्षकगीतात गिटार सोलोच नाही, हे खरं?

खरं. रॉकमधल्या सर्वांत मोठ्या गिटारवादकांपैकी एक हजर आहे, लोक अकरा वर्षं त्याची वाट बघत आहेत, आणि अल्बमच्या नावाच्या गाण्यात तो सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, घेत नाही. गाणं सुरू होतं ते लॉर्डच्या एकट्या ऑर्गनने. मग जड, संथ रिफ येते, त्यात गिटार आणि ऑर्गन एकाच आवाजासारखे मिसळतात. मधल्या भागात पूर्वेकडच्या वळणाची एक रिफ पुन्हा पुन्हा फिरते; जिथे इतर बँड सोलो टाकतात तिथे इथे सगळे मिळून ताण वाढवत नेतात.

गिलन ध्वनिमुद्रणाच्या वेळी 39 वर्षांचा होत होता. 1970 च्या गाण्यांत त्याचा आवाज किंचाळीच्या टोकाला जायचा. इथे चाल मधल्या पट्टीत बांधली आहे, शब्द स्पष्ट आणि सावकाश. त्या वयाच्या त्या गळ्यासाठी केलेलं हे गाणं आहे. म्हणूनच पुढची चाळीस वर्षं ते कार्यक्रमांत टिकलं, आणि वरच्या पट्टीतली काही जुनी गाणी सोडून द्यावी लागली.

सोलोच हवा असेल तर ‘अंडर द गन’ ऐका. त्यात ब्लॅकमोर इंग्लिश संगीतकार एल्गारच्या ‘पॉम्प अँड सर्कमस्टन्स’ मार्चमधली प्रसिद्ध चाल मधेच वाजवून जातो. संथ आणि दुखरा हवा असेल तर ‘वेस्टेड सनसेट्स’.

या ऑर्गनचा आवाज असा गुरगुरतो कसा?

लॉर्डचं वाद्य हॅमंड सी-3. त्यात भाते नाहीत, नळ्याही नाहीत. आत 91 दातेरी धातूची चक्रं विजेच्या मोटरवर फिरतात आणि चुंबकाजवळून जाताना प्रत्येक चक्र एक स्वर निर्माण करतं. समोर नऊ-नऊ दांड्यांचे संच असतात. प्रत्येक दांडी 0 ते 8 पर्यंत ओढता येते आणि त्या-त्या पट्टीचा स्वर मिसळते. पेटीवर खर्ज-मध्य सुरांचे संच उघडतात, तसंच काहीसं, पण फार बारीक हिशेबाचं. आणखी एक साम्य: पेटीप्रमाणेच पट्टी जोरात दाबल्याने आवाज वाढत नाही. पेटीत ते काम भाता करतो, हॅमंडमध्ये पायाखालचं पेडल.

साधारणपणे हॅमंड लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरला जोडतात. लॉर्डने ते गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरला जोडलं, कारण ब्लॅकमोरच्या आवाजापुढे ऑर्गन ऐकूच येत नव्हता. ॲम्प्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला की आवाज फाटतो आणि ऑर्गन दुसऱ्या गिटारसारखा गरजतो. पट्टी दाबताना येणारा बारीक ‘टक’ आवाज खरं तर संपर्कतारांचा दोष. मार्शलमधून तोच धारदार होतो.

आमच्या बँडला ‘पर्फेक्ट स्ट्रेंजर्स’ वाजवायचं आहे. सुरुवात कुठून करायची?

कीबोर्डपासून. हॅमंड नसेलच, कोणत्याही बऱ्या कीबोर्डवरचा दांड्या बदलता येणारा ऑर्गन चालतो.

1. पहिल्या तीन दांड्या पूर्ण बाहेर, बाकी सहा आत (888 000 000). इथून सुरुवात करा. फार अंधारा वाटला तर चौथी थोडी ओढा.
2. ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) लावा, पण निम्म्यापर्यंतच. उंच स्वरांच्या दांड्या बाहेर ठेवून ओव्हरड्राइव्ह वाढवला की पत्रा खरवडल्यासारखा आवाज येतो. नवखे कीबोर्डवादक सर्वाधिक इथेच चुकतात. फाटलेल्या आवाजात दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नको ते स्वर उमटतात, आणि वरचे स्वर जितके जास्त तितका गोंधळ जास्त.
3. याच कारणाने डाव्या हाताने तीन-चार स्वरांचे भरगच्च कॉर्ड टाळा. षड्ज-पंचम किंवा सप्तकाची जोडी पुरते.
4. लेस्लीचा परिणाम संथ ठेवा किंवा बंद करा. सतत वेगाने फिरवला तर गाणं जत्रेतल्या पाळण्यासारखं वाटतं.
5. मिक्सरवर कीबोर्डचा 100 हर्ट्झखालचा भाग कापा. तिथे बास आणि किक ड्रम आहेत. तिघे एकाच जागी बसले की हॉलमध्ये नुसती घुंई ऐकू येते.

गिटारवादकाला एकच सूचना: मधल्या जागा भरू नका. ब्लॅकमोर सिंगल कॉइल पिकअपची स्ट्रॅटोकास्टर वाजवतो, तिचा आवाज पातळ आणि स्वच्छ असतो, म्हणूनच तो ऑर्गनच्या फाटलेल्या आवाजात मिसळतो. हंबकर पिकअपची गिटार असेल तर गेन नेहमीपेक्षा कमी ठेवा, नाहीतर ऑर्गन गिळला जाईल. त्याच्या गिटारच्या फ्रेटमधलं (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं) लाकूड खोलगट कोरलेलं असतं. ते पाहून स्वतःची गिटार कोरायला घेऊ नका. जोराने दाबणाऱ्या बोटांना तिथे प्रत्येक स्वर चढा लागतो, आणि या गाण्याला त्याची गरज नाही.

ड्रमर लोकांनी मेट्रोनोम लावून सराव करावा. गाणं संथ आहे, आणि रिफ जड झाली की हात आपोआप पळू लागतो. तिसऱ्या कडव्यापर्यंत वेग थोडा जरी वाढला तर गाण्याचा दबदबा जातो. पेस अतिशय चपळ ड्रमर आहे आणि इथे तो मुद्दाम हात आवरून वाजवतो. डावखुरा असल्याने त्याची मांडणी उलटी असते. व्हिडिओ पाहून शिकताना हे लक्षात ठेवा.

कोणती आवृत्ती घ्यावी: एलपी, सीडी, कॅसेट की स्ट्रीमिंग?

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने स्ट्रीमिंगवर ऐकावं. शेवटी ‘सन ऑफ ॲलेरिक’ दिसलं तर ती वाढीव आवृत्ती समजा. आवडला तर सीडी घ्या. एलपी घ्यायची ती आठ गाण्यांच्या मूळ क्रमासाठी, कारण दुसरी बाजू उलटल्यावर शांततेतून शीर्षकगीताचा ऑर्गन उठतो आणि ती जागा सीडीवर मिळत नाही. युरोपातली छपाई पॉलिडोरची, अमेरिकेतली मर्क्युरीची.

नऊ गाण्यांचा अल्बम चव्वेचाळीस मिनिटांच्या आसपास आहे, त्यामुळे नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूला तो मावतो. जुनी कॅसेट सापडली तर लगेच ‘प्ले’ दाबू नका. आधी पेन्सिलीने रीळ मोकळं फिरतंय का पाहा, मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले फेरे सुटतील. टेपच्या मागची छोटी स्पंजची गादी पडली असेल तर आवाज दबका आणि वरखाली येतो. दुसऱ्या कॅसेटची गादी काढून बसवता येते.

जुनी एलपी विकत घेताना काय तपासायचं?

तबकडी उजेडात तिरकी धरा. चमकणारे केसासारखे ओरखडे फारसे ऐकू येत नाहीत. नखाला लागणारा ओरखडा मात्र दर फेरीला ‘टक’ करणारच. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कव्हरवर आणि तबकडीवर बुरशी धरते. ती कोरड्या फडक्याने पुसली तर खोबणीत जाते. डिस्टिल्ड पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका, मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने गोल पुसा, लेबल भिजू देऊ नका, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून उभी वाळवा. ऐकून घेता आली तर ‘मीन स्ट्रीक’ आणि ‘हंग्री डेझ’चा शेवट वाजवून पाहा. ही बाजूंची शेवटची गाणी, म्हणजे आतल्या लहान वर्तुळातली. झिजलेल्या सुईने वाजवलेली तबकडी सर्वांत आधी तिथे खरखरते.

‘मशीन हेड’पेक्षा हा अल्बम चांगला आहे का?

नाही. ‘मशीन हेड’मध्ये भरतीचं गाणं एकही नाही, इथे ‘मीन स्ट्रीक’ आणि ‘अ जिप्सीज किस’ मेहनतीने वाजवलेली, पण विसरता येण्याजोगी आहेत. ड्रम्सवर 1984 ची प्रतिध्वनीची छटाही आहे. पण ‘नॉकिंग ॲट युअर बॅक डोअर’ची मंद, गडद सुरुवात आणि शीर्षकगीत ही दोन गाणी त्यांच्या सर्वोत्तम कामाच्या रांगेत बसतात. ‘हंग्री डेझ’मध्ये ते माँट्रोच्या दिवसांकडे एकदा वळून बघतात आणि पुढे जातात. जुन्या अल्बमची नक्कल त्यांनी केली नाही, याचं मोल मोठं आहे.

लोकांनी स्वागत कसं केलं?

जोरात. इंग्लंडमध्ये पाचवा क्रमांक, अमेरिकेत सतरावा, आणि तिथे प्लॅटिनम. दौरा 27 नोव्हेंबर 1984 ला ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून सुरू झाला. डिसेंबरात सिडनीला बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन पाहुणा म्हणून मंचावर आला; ओळख करून दिली ती ‘लिव्हरपूलचा आर्नल्ड ग्रोव्ह’ अशी, कारण ज्या गल्लीत तो जन्मला तिचं नाव ते. सिडनीचा कार्यक्रम 2013 साली व्हिडिओ म्हणून निघाला आणि या पर्वातला मंचावरचा बँड बघायचा तर तोच बघावा. 22 जून 1985 ला इंग्लंडमध्ये नेबवर्थच्या मैदानात धो धो पावसात, चिखलात, सुमारे 80,000 लोक उभे होते.

हे पाच जण मुंबईत आले होते का?

हे पाच नाही. 8 एप्रिल 1995 ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात डीप पर्पल वाजला, आणि त्याचं चित्रीकरण ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाने उपलब्ध आहे. पण तोवर ब्लॅकमोर निघून गेला होता आणि गिटारवर स्टीव्ह मोर्स नुकताच आला होता. बाकीचे चौघे तेच.

मग पुनर्मीलन किती टिकलं?

1987 च्या जानेवारीत दुसरा अल्बम आला, तोवर ब्लॅकमोर आणि गिलनचं पुन्हा बिनसलं होतं. 1989 मध्ये गिलनला काढलं. 1992 साली तो परतला, आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात हेलसिंकीच्या कार्यक्रमानंतर ब्लॅकमोरने दौऱ्याच्या मध्यावरच बँड सोडला, तो कायमचा. उरलेल्या जपान दौऱ्यात गिटारवादक जो सॅट्रिआनी वाजवायला आला. लॉर्ड 2002 साली निवृत्त झाला. 16 जुलै 2012 ला त्याचं निधन झालं. गिलन, ग्लोव्हर आणि पेस अजून त्याच बँडमध्ये आहेत. आता ऑर्गनवर डॉन एअरी असतो, आणि शीर्षकगीताची सुरुवात आजही ऑर्गनच करतो.